शब्द द्यायचा आणि थांबायचं

३ सप्टेंबर

आले एकदाची. खोली ऐसपैस आहे, टेबल उजेडाला आणि गादी अशी की उठूच नये. आता महिनाभर इथेच मुक्काम. दोन वर्षांच्या छकुलीला बोलतं करायचं. आई वकील, वडील कारखान्यात इंजिनियर, आणि लेकीच्या तोंडून एक शब्द फुटत नाही. कान तपासून झालेत, उत्तम आहेत.

मला कारण दारातच कळलं. या घरात कुणी बोलतच नाही. वडील मुलीसमोर तोंड उघडत नाहीत. जे सांगायचं ते मला जिन्यात नेऊन हळूच सांगितलं. आई नुसती मान हलवते. मी हसून बोलायला लागले तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. बिचारी फार थकलेली दिसते. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला माहेरी टकळी म्हणतात. या घराला माझ्यासारखीच हवी होती.

संध्याकाळी पिल्लूला फोनवर गोष्ट सांगितली. लेक साडेतीन वर्षांचा, महिनाभर ताईकडे राहणार आहे. गोष्टीशिवाय जेवत नाही, म्हणून रोज सांगायचं कबूल करून आले आहे.

५ सप्टेंबर

या वयाची मुलं एका जागी टिकत नाहीत. छकुली माझ्या ओठांवरून नजर हलवत नाही.

माझी पद्धत साधी. वस्तू धरायची, नाव सांगायचं, मुलाच्या डोळ्यांत बघायचं. शब्द द्यायचा आणि थांबायचं. नवशिक्या मुलींना हे थांबणंच जमत नाही, घाईनं स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. आज मी चमचा घेतला, चमचा म्हटलं आणि थांबले. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "चमचा."

पहिलाच शब्द, आणि बोबडा नाही. या वयाचं मूल फार तर "तमता" म्हणेल. मी तिला उचलून नाचले. तिची आई कोपऱ्यात रडत होती. आनंदाश्रू, दुसरं काय.

६ सप्टेंबर

जेवताना फजिती झाली. वाटीशेजारी ती लांब दांड्याची वस्तू होती, पुढे खोलगट, सूप पितात ती. नाव आठवेना. नाव जाऊ दे, धरायची कशी हेही कळेना. शेवटी वाटीच तोंडाला लावली. फोनवर सांगितलं तर ताई म्हणाली, वय झालं तुझं. मीही हसले.

मग कालचं पान उघडलं. काल रात्री लिहिताना नाव माझ्याकडे होतं, पण आज त्या जागी मला नुसत्या रेघोट्या दिसतात.

छकुली आज आणखी चार शब्द बोलली. कोणते ते लिहायला बसले आणि एकही आठवला नाही.

१० सप्टेंबर

पिल्लू रुसला. गोष्टीतल्या प्राण्याचं नाव मला सांगता येईना. लांब कानांचा, टुणटुण उड्या मारणारा, एवढंच म्हणत राहिले. आई, तू अशी काय बोलतेस, म्हणाला.

छकुलीच्या वडिलांना जिन्यात गाठलं. ते खाली बघत म्हणाले, "ही कोर्टात उभी राहिली की लोक मुद्दाम ऐकायला यायचे. सगळे शब्द मुलीनं घेतले. तिच्याकडेही ते टिकत नाहीत. संपले की पुन्हा गप्प होते, पुन्हा मागते."

मग मला का बोलावलंत, म्हटलं.

"आईकडे देण्यासारखं काही उरलं नाही. आणि मला कामावर बोलावं लागतं."

अंगाचा तिळपापड झाला. इतकं थंडपणे सांगतो हा माणूस. बॅग भरली आहे, सकाळी पहिली गाडी.

वर येताना छकुली वाटेतच उभी होती. घरात शिरताना जे उघडतात, रात्री कडी लावतात, तिकडे तिनं बोट केलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि थांबली. बोट दाखवणाऱ्या मुलाला नाव सांगायचंच, ही माझी हाडीमाशी खिळलेली सवय. निघून गेलं तोंडातून. तिनं ते लगेच म्हटलं, स्वच्छ.

११ सप्टेंबर

बॅग घेऊन सकाळपासून फिरते आहे. चारही बाजूंना भिंत. छकुलीचे वडील भिंतीतून कामाला गेले. मागे धावले तर कपाळ आपटलं. तिची आई माझ्याकडे बघत होती. ती घराबाहेर का पडत नाही, ते आता कळलं.

मला भीती वाटते आहे. ताईला मेसेज केला, मला घ्यायला ये. आता तोंड उघडायचं नाही.

१३ सप्टेंबर

ताई उद्या येते. पिल्लू झुरतोय, त्यालाही आणते म्हणाली. ताई, पिल्लूला आणू — पुढचा शब्द —

सकाळी होता माझ्याकडे. छकुलीनं घास तोंडाशी आणला. मी मान फिरवली. ती ढकलत राहिली, ढकलत राहिली, आणि माझ्या तोंडून निघाला. छोटासा. सगळी मुलं दिवसभर म्हणतात तो. त्याच्याबरोबर त्याच्यासारखे सगळेच गेले.

ताईला लिहिलं. पिल्लूला आण. पुन्हा लिहिलं. पिल्लूला आण. मला उलटं म्हणायचंय, ताई, उलटं —

गेला मेसेज.

१४ सप्टेंबर

आले. भिंतीतून आत. पिल्लू बिलगला. ताई विचारते, काय झालं गं. माझे ओठ नुसते — लिहून दाखवते, थांब, ताई —

ताई छकुलीच्या आईकडे गेली.

पिल्लू छकुलीपुढे बसला. ती बोट करते. माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत बघते.

थांबते.

माझा लेक. विचारलं की सांगतोच —

"ही माझी आई."

तिचे ओठ हलले.

पिल्लूनं माझा हात सोडला. ताईला शोधतोय. माझ्यावरून नजर जाते, भिंतीवरून जावी तशी —

पिल्लू. इकडे. इकडे बघ रे, मी —