डाव्या मडगार्डची आतली कड

बाबा, काल वडाळ्याच्या एका गोदामात तुमचा हात लागलेली गाडी भेटली. जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार. अशा गाड्या किती अस्सल आहेत आणि मागितलेला भाव रास्त आहे का, हे घेणाऱ्याला सांगणं हा आता माझा धंदा आहे. घेणारा तरुण घायकुतीला आला होता. "मॅडम, मालक बोलतो एक पत्रा बदललेला नाय, म्हणून एवढा भाव. तुम्ही हो बोललात की आजच टोकन देतो." इंजिनाचा नंबर जुळला. लोहचुंबक सगळीकडे घट्ट चिकटला, म्हणजे रंगाखाली कुठे पुट्टी भरलेली नव्हती. मग उकिडवी बसून डाव्या मडगार्डच्या आत हात घातला. कंपनीच्या पत्र्याची आतली कड बोटाला कापते. ही दुहेरी दुमडलेली होती, कोपऱ्यात आत सरकवलेली, गुळगुळीत.

आठवतंय? कॉलेजची सुट्टी आहे, परळच्या तुमच्या गॅरेजात मी पहिल्यांदा एकटीने पत्रा ठोकून आणलाय आणि शाबासकीची वाट बघतेय. तुम्ही तो उलटा करता. "बाहेरून सगळेच बघतात. गाडी धुणाऱ्याचा हात आत जातो, त्याचा कापला तर?" अख्खी दुपार तुम्ही मला ती कड पुन्हा दुमडायला लावलीत. मी रागाने रडत होते आणि तुम्ही शांतपणे तुमचं काम करत होतात. एवढा उपद्व्याप दुसरा कुठलाच डेंटर करत नसे, कारण त्याचे पैसे कुणी देत नव्हतं.

काल मी गप्प बसले असते, तर तुमचा पत्रा कंपनीचा म्हणून खपला असता. डेंटरला याहून मोठी पावती नाही. पण भुर्दंड त्या पोराला पडला असता. मी लिहून दिलं: डावं मडगार्ड मूळ नाही, हाताने बनवलेलं आहे, भाव कमी करावा. तुमचं सगळ्यात चांगलं काम माझ्या अक्षरात खोट म्हणून नोंदलं गेलं. मला वाईट वाटलं, पण तुम्हीही हेच लिहिलं असतंत.

मालक पाय आपटत निघून गेला. तो पोरगा मात्र त्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "कारागीर भारी होता, मॅडम. कोण असेल?"

"असेल कुणी गॅरेजवाला," मी म्हणाले.

धंद्यात घरचं नाव आणू नये म्हणून तसं बोलले, असं इथे लिहिणार होते. पण तुम्हाला काय फसवायचं? गॅरेजवाल्याची मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटली, बाबा.