कुणाचा तरी कोट

३ फेब्रुवारी
आज इंग्रजीच्या वर्गात माझं हसंच व्हायचं! बाईंनी नवा शब्द दिला — समवन. माणूस आहे हे नक्की, पण कोण ते ठाऊक नाही, तेव्हा वापरायचा. मी पटकन बोलून गेले, "म्हणजे आमची दांडी!" सगळे फिदीफिदी हसले. मग सांगावं लागलं — आमच्या लाँड्रीत ज्या कपड्याची नंबराची चिठ्ठी गळून पडते, तो मागच्या दांडीवर जातो. तिला आम्ही 'कुणाचंतरी' म्हणतो. बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर!" घरी येईपर्यंत मी हवेतच होते.

४ फेब्रुवारी
दांडीवर सध्या एकच राखाडी कोट आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत कुणी आलं नाही, तर देऊन टाका." माझ्या अगदी जिवावर आलं. अस्तराला निळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके आहेत. शिवणाचा गंध नसलेल्या माणसाने स्वतःच घातलेले. म्हणजे घरी शिवून द्यायला कुणी नाही. हे गेल्यापासून दिव्याचे बल्ब मीच बदलते, स्टुलावर चढून. मला कळतं ते.

५ फेब्रुवारी
कोटाचं लोंबणारं बटण लावलं. चौपदरी दोऱ्याने. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही!

६ फेब्रुवारी
आजचा शब्द एनीवन — कुणीही चालेल तेव्हाचा. मग गृहपाठ वाचायचा होता. मी उठून वाचलं — "समवन फरगॉट अ ग्रे कोट."
मागच्या बाकावर एक निवृत्त बसचालक बसतात, सारखे हात चोळत. ते उभे राहिले. "बाई, तो समवन बहुतेक मीच!"
पावती हरवली, म्हणून विचारायला लाजत होते म्हणे! काय म्हणावं या माणसाला? गारठेल, पण तोंड उघडणार नाही.

७ फेब्रुवारी
कोट घेऊन गेले. आधी बटणावरून अंगठा फिरवत उभे राहिले. "हे कुणी लावलं?"
"समवन!" म्हणाले मी. आणि इस्त्री तशीच शर्टावर टेकवलेली — जळालाच असता!
लेकीला फोनवर सांगितलं, तर म्हणते कशी, "आई, एनीवन नाही हं, समवन!" आगाऊ कार्टी. खूप हसले.
रिकामी दांडी मात्र बघवत नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. कोट काय माझा होता?

१० फेब्रुवारी
बाईंना ताप. वर्ग नाही. केस उगाच दोनदा विंचरले.

११ फेब्रुवारी
दांडीवर पुन्हा तोच कोट! मालकीणबाई म्हणाल्या, "बटण तुटलंय म्हणाले, आणि पावती न घेताच गेले बघा." बटण खिशात होतं, रुमालात गुंडाळून. दोरा उजेडात धरून पाहिला.
तुटलेला नाही. कात्रीने सरळ कापलाय!