ओवीचं जावळ, राहिलेली लस

३ फेब्रु.
नागरी स्वातंत्र्यावर आज उघड घाला. सोसायटीच्या नव्या ॲपने मला माझ्याच घरात सोडायला ओटीपी मागितला. फोन वर, मी खाली. वॉचमन कानडीत म्हणतो, "स्वल्प वेट माडी, सर." म्हणजे जरा थांबा. इतकी वर्षं इथे भाडं भरून ही ओळख!
वर आलो तर नात ओवी किरकिरतेय, अंग कोमट. सौ. म्हणाली, "जावळाची दगदग." निपाणीला देवीपुढे जावळ करून परवाच परतलोय.

५ फेब्रु.
ओवीच्या तोंडावर, पोटावर बारीक पुरळ. कानामागे गाठी. हेब्बाळच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "नऊ महिन्यांची लस?"
सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, मी सौ.कडे, सौ.ने पंख्याकडे.
जावळ विषम महिन्यात. नवव्यात आमच्या चिरंजीवांना रजा नाही, म्हणून अकराव्यात. आणि सुईने ताप आला तर पोर देवीपुढे रडेल, म्हणून लसही पुढे. देवीचं मत कोणी घेतलं नाही.
बाई म्हणाल्या, आईकडून आलेली ताकद तोवर ओसरते, म्हणून तर नववा महिना. एकाच सुईत गोवर, गालगुंड, रुबेला. हा रुबेलाच वाटतोय. पोर बरी होईल. मग सहज, "घरात कोणी गरोदर?"
शुभा. आमची लेक. दोन महिने झालेत. आत्या म्हणून तिनेच पदरात केस झेलले. मग दिवसभर भाची तिच्याच कडेवर.

६ फेब्रु.
शुभाला मीच फोन केला.
"बाबा, हा विनोद असेल तर फार वाईट आहे."
नाही म्हटलं. तिने खिडकी लावली, के. आर. पुरमचे हॉर्न बंद झाले. "मला लहानपणी झाला होता ना?"
सौ. मागून: "झाला होता की गोवर."
"कुठला?"
"अंगावर आला तो!"
आमच्या घरात अंगावर लाल काही उठलं की गोवर. त्यात रुबेला कुठला, हे आता कोण सांगणार.

८ फेब्रु.
शुभाने रक्त दिलं. आधीची प्रतिकारशक्ती निघाली तर सुटलो. नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि लागण झालीच असेल तर बाळाचे डोळे, कान, हृदय...
सौ. नवस बोलायला लागली. सूनबाई म्हणाली, "आई, आता पुरे." लग्नानंतर प्रथमच आवाज चढवला. सौ. स्वयंपाकघरात जाऊन रडली. ओवीचं पुरळ मावळलं. टाळ्या वाजवतेय. तिला काय.

१० फेब्रु.
रिपोर्ट संध्याकाळी तिच्या फोनवर येणार. घरात बसवेना, शुभाकडे गेलो. जावई ऑफिसात. ती सोफ्यावर, फोन उलटा ठेवून.
"काही खाल्लंस?"
"बाबा, आज आईसारखं बोलू नका. टोमणा मारा एखादा."
मी हातातली पिशवी मागे सरकवली.
जावळ झेलणाऱ्या आत्याला साडी द्यायची असते. निपाणीत गडबडीत राहून गेली होती. येताना इंदिरानगरातून घेतली, मोरपंखी. ती चहा टाकायला उठली तेव्हा पिशवी तिच्या उशीजवळ ठेवली.
सहा वाजून गेले. फोन अजून उलटाच आहे.