कपाळावरचा डावा हात

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न., आणि पत्र अर्ध्यावर टाकून चपला शोधू नयेत ही वि. वि.

मी टेहळणीच्या मनोऱ्यावर पोचले. चार लाकडी पायांवर उभी एक खोली, चारही बाजूंना काचा. जंगलात कुठे धूर दिसला की वायरलेसवर कळवायचं, एवढंच काम. लहानपणापासून मला खार म्हणतोस ना? घे, खारीला झाड मिळालं. इथे फोन लागत नाही. आठवड्याला शिधा घेऊन जीप येते, तिच्याबरोबर पत्र देत जाईन.

आता खरं सांगते, नाहीतर जीपवाला तिखटमीठ लावून सांगेल. माझ्या आधीचा पहारेकरी बदली होऊन गेला नाही. लाकूडचोरांनी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने त्याचे दोन्ही गुडघे फोडले. जीप येईपर्यंत तो जिन्याखाली पडून होता. डाग मी घासघासून काढले, पण बरंचसं लाकडाने पिऊन टाकलंय. वायरलेसवर ओरडलं तरी खालच्या कचेरीतून माणूस यायला निम्मा दिवस जातो.

परत ये म्हणू नकोस. हे काम मी भांडून मिळवलंय. त्यापेक्षा मदत कर. जंगलात जिवंत कसं राहायचं हे शिकायला चांगलं काय आहे ते विचारून पाठव: ओल्या लाकडाचा विस्तव, पाणी, माग काढणं, जखमा. पुस्तक असो, वर्ग असो, कुणी जाणता असो. आणि एक सुरी. कसायाच्या बहिणीने भाजी कापायच्या चाकूवर दिवस काढावेत हे बरं दिसत नाही.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ असू दे.

तुझी,
खार

१२ जानेवारी

चि. खारीस,
अ. आ., म्हणजे आशीर्वादच. शिव्या खाली आहेत.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. बकरा आकड्याला अर्धा सोललेला तसाच राहिला आणि गिऱ्हाइकं तोंड बघत उभी. तुझ्या वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला तो मी भिंतीवर मारला. मग तिनेच मला फरशी पुसायला लावली. आईला सांगितलंय की तू फार वरच्या जागेवर काम करतेस. ते काही खोटं नाही.

परत येणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून चौकशी केली. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक घेतलं. लिहिणारा बर्फाच्या मुलखातला, त्यामुळे अर्धं पुस्तक बर्फाचं घर बांधण्यात गेलंय. ते सोड. विस्तव, पाणी आणि पायांचे ठसे ही प्रकरणं उत्तम आहेत, त्या पानांचे कोपरे मी दुमडलेत. दुसरी गाठींची पुस्तिका, बंदरावरच्या खलाशांसाठी काढलेली. ती दोरी हातात धरूनच वाच, नुसती वाचून उलट गुंता होतो. एक शिबिरही बघून आलो. फौजी ठिपक्यांची पँट घातलेला एक गुरुजी हॉटेलमागच्या बागेत गारगोटीने विस्तव पेटवून दाखवतो. वाकला तेव्हा त्याच्या खिशातून लायटर पडला. कानाला खडा लावून परत आलो.

सगळ्यांत कामाचा निघाला अग्निशमन दलाचा रविवारचा प्रथमोपचाराचा वर्ग. तुला येता येत नाही म्हणून मीच नाव घातलं. कॉलेजच्या पोरापोरींत मी एकटा बोकडासारखा बसतो. शिकवणाऱ्या बाई कडक आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या की जंगलात भुकेने मरायला माणसाला वेळ लागतो, रक्ताने लागत नाही. अंगठ्यांनी जोर लावून दाबायचं, रक्ताने ऐकलं नाही तर जखमेच्या वरच्या अंगाला रुंद पट्टा बांधायचा, त्यात काठी घालून पिळायचं आणि मग डॉक्टर येईपर्यंत सोडायचं नाही. सगळं लिहून दिलंय, पट्टाही ठेवलाय.

सुरी बाबांची पाठवतोय. दगडावर इतकी पातळ काढलीय की मनगटावरचे केस उडतात. आता नीट वाच. कुणी अंगावर आला तर पोटाबिटाच्या नादी लागू नकोस. मांडीच्या आत, जांघेजवळ. रोज सकाळी मी हेच काम करतो, रक्त कुठून लवकर जातं ते मला कुणी शिकवायला नको. बाबांची रीत तुला आठवत असेलच: जनावराच्या कपाळावर डावा हात ठेवल्याशिवाय सुरी चालवायची नाही. ती जनावरासाठी. माणसासाठी तेवढं थांबू नकोस.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
दादा

२४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. की तू जगातला सगळ्यांत हुशार कसाई आणि सगळ्यांत अडाणी जंगली आहेस.

बाबांची सुरी लाकडावर ठेवून वरून ठोकली, जाड पुस्तकात सांगितलंय तशी, आणि धारेचा टवका उडाला. टोकाशी बारीक चीरही गेली. अरे, मांसाला लावायची धार तू लाकडाला दिलीस! पुस्तकात पाठीला जाड सुरी घ्या म्हणून चक्क चित्र आहे. त्या पानाचा कोपरा दुमडायचा राहिला वाटतं. तरी कमरेला तीच आहे. बाबांची म्हणून बरं वाटतं.

विस्तव जमला. खलाशांच्या चार गाठीही जमल्या. पट्टा पिळायचा सराव स्वतःच्या मांडीवर केला, पाय काळानिळा पडला.

दादा, त्या पहारेकऱ्याचा कुत्रा इथेच राहिला होता. माझ्या हातचं खायला लागला होता. काल सकाळी तो जिन्याला टांगलेला सापडला. जिवंतपणीच सोललेला असावा, कारण दोरीला दातांच्या खुणा होत्या. आपण कातडं सोडवतो तसं ते नव्हतं, चिडून ओरबाडलेलं होतं. लहानपणापासून मी मांस बघत आलेय, पण जिन्यावरच ओकले. मग त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि पुरला. खाली मनोऱ्याच्या एका पायावर कुऱ्हाडीचा ताजा घाव आहे. पायांचे ठसे पुस्तकाशी ताडून पाहिले: तिघं आहेत, त्यातला एक उजवं पाऊल बाहेर फाकवून टाकतो. कचेरीत कळवलं. माणसं पाठवतो म्हणाले.

मला भीती वाटतेय, हे फक्त तुला सांगते. लोभ वाढव, इथे त्याची गरज आहे.

तुझी,
खार

२ फेब्रुवारी

चि. खारीस,
अ. आ., पण बोटांची सालपटं निघालीत, अक्षर गोड मानून घे.

चोरीचं लाकूड कोण घेतो ते शोधून काढलं. आपल्याच बाजारातला वखारवाला. त्याला त्याच्याच फळ्यांवर आपटला. समोरचे दात पडले तरी मी थांबलो नाही, दोन हमालांनी ओढून काढलं. पोलीस चौकीत बसवून ठेवलं, तुझी वहिनी येऊन सोडवून घेऊन गेली. दारात एवढंच म्हणाली की माझ्या नणंदेला वाचवायचंय की तुला कुणाला तरी मारायचंय, ते एकदा ठरव.

वर्गातूनही हाकललं. बाईंना मी विचारलं की मांडीची शीर तुटली आणि कुणी बांधलंच नाही तर माणूस किती वेळ टिकतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दार दाखवलं.

सुरीची चूक माझी. लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची जाड सुरी करून घेतली, ती सोबत आहे. लाकडाला हीच वापर. आणि त्या फाकल्या पायाच्याला माझ्यासाठी ठेव.

लोभ आहे, तोच तर असा उकळतोय.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता आधी बस, मग वाच.

भर दुपारी आले. मी खाली सरपण फोडत होते, नवी सुरी ओंडक्यात रुतलेली. तिघांपैकी दोघांनी सरळ मनोऱ्याच्या पायाला करवत लावली, जशी मी तिथे नव्हतेच. फाकल्या पायाचा माझ्याकडे कुऱ्हाड घेऊन आला. मी हात आडवा घातला, बोटं तिथेच पडली. मला ती पडलेली दिसली आणि दुखलं नाही, राग आला. दादा, असा राग की मी तुझीच बहीण हे मला तेव्हा पटलं. त्याने मला केसांनी धरून ओंडक्यावर आपटलं, नाक फुटलं, दुसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात कमरेची बाबांची सुरी डाव्या हाताला लागली. तू सांगितलंस तिथे, फक्त वीतभर खाली, मारली. जोराने ओढली तेव्हा टोक मोडलं होतं.

तो बसला. रक्त विजारीतून असं भळभळलं की दुसरे दोघे करवत टाकून पळाले. मी उभी राहून बघत होते. बरं वाटत होतं, हे लपवत नाही. कुत्रा आठवत होता. मग तो त्याच्या आईला हाक मारायला लागला आणि मी जवळ जाऊन, काही विचार न करता, त्याच्या कपाळावर डावा हात ठेवला. तो किंचाळला. त्याला वाटलं, आता गळा. मलाही क्षणभर कळेना की हात मी कशासाठी ठेवलाय.

मग तू पाठवलेला पट्टा काढला. दातांनी आणि डाव्या हाताने बांधला, काठी घातली, पिळला. त्याच्यावर बसून राहिले. माझ्या बोटांना त्याचाच फेटा गुंडाळला होता. वायरलेसवर माझा आवाज आला नाही म्हणून कचेरीची माणसं आली तेव्हा आम्ही दोघं एकाच रक्तात बसलो होतो.

मी पायथ्याच्या दवाखान्यात आहे, बरी आहे. त्याला तुमच्याकडच्या मोठ्या इस्पितळात हलवलंय. दादा, तिकडे जाऊ नकोस. माणसाला मारायचं आणि वाचवायचं, दोन्ही मी तुझ्याकडून शिकले. दोन्ही करून बघितलं. दुसरं फार कष्टाचं आहे, ते वाया घालवू नकोस.

उरलेल्या बोटांसह तुझ्या लोभाची,
खार

२३ फेब्रुवारी

चि. खारीस,
अ. आ., बोटं मोजून नव्हेत, अनेकच.

गेलो. तुझं पत्र खिशात होतं आणि पिशवीत दुकानातली मोठी सुरी. दारावरचा हवालदार आपलं गिऱ्हाईक, भेटायला आलो म्हटल्यावर आत सोडलं. तुझा तो फाकल्या पायाचा खाटेवर झोपला होता. वयाने तुझ्याएवढा, पाय पट्ट्यांत. मी डावा हात त्याच्या कपाळावर ठेवला. हो, बाबांची रीत. उजवा हात पिशवीत होता. त्याने डोळे उघडले, मला ओळखायचं काही कारण नव्हतं, पण कपाळावरचा हात त्याने ओळखला. धडपडून उठायला गेला आणि पट्ट्या भसकन लाल झाल्या.

नर्स धावली, म्हणाली दाबा, मी डॉक्टरांना आणते. खारे, तिने सांगायच्या आधीच माझे अंगठे तिथे होते. सुरीचं टोक आत राहिलं होतं, त्याने शीर पुन्हा कापली. बाबांची सुरी, मी पातळ केलेली. त्याचं रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं. नुसते अंगठे उचलायचे होते. कुणाला कळलं नसतं. मला उचलायचे होते, अगदी मनापासून. पण तिथे माझ्या आधी तू दाबून बसली होतीस, दोन बोटं तुटलेल्या हाताने. अंगठे उचलणं म्हणजे तुझा हात उचलणं झालं असतं. रडत रडत दाबून धरलं. डॉक्टरांनी मला ओढून बाजूला केलं तेव्हा अंगठे सरळ होत नव्हते.

तो जगेल, खटल्याला उभा राहील. टोक डॉक्टरांनी काढलं, ते हवालदाराने पुराव्यात ठेवलं. रविवारी बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. उद्या आईला घेऊन तुझ्याकडे येतोय, ओरडा खायची तयारी ठेव.

त्या दिवशी इस्पितळातून घरी आलो तर तुझी वहिनी दारात. माझे हात बघून ती भिंतीला टेकली. मी पिशवीतली सुरी काढून तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिली आणि न धुताच खिळ्याला लावली.

लोभ आहे, आता शांत आहे.

तुझा,
दादा