वास लपवणारं जाकीट

बाबा, आज सकाळी मी एका चितळाच्या मादीच्या इतक्या जवळ बसले होते की तिच्या चावण्याचा आवाज मला ऐकू आला. लाखोरीच्या पिकाचे कोवळे शेंडे ती ओठांनी खुडत होती आणि प्रत्येक घासाला बारीक कुरकुर होत होती. पाठीमागे तिचं पाडस, त्याच्या कानात गोचीड होती, तीसुद्धा मला दिसली! दुकानात येऊन तास झाला तरी माझे हात ठिकाणावर नाहीत. शाळेच्या एका शर्टाला कॉलर उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. मग मशीन बंद केली आणि मापांची वही मागच्या पानावरून उघडली. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण ते ऐकायला आई होती, भाऊ होता. आजची गोष्ट तुमच्याशिवाय कोणाला सांगितली तर लोक म्हणतील, हरीण पाहिलं, त्यात काय एवढं.

तुम्हाला माहीत नाही, साकोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवते, जंगलात गाड्या नेणाऱ्या गाईड लोकांचे खाकी शर्ट शिवते. दोन बायका हाताखाली आहेत. मागच्या आठवड्यात नागपूरच्या एक बाई आल्या. जंगलाचे फोटो काढतात, त्यांचा वीस-बावीस जणांचा गट आहे. त्यांच्या हातात एक जाकीट, चेनचा रनर तुटलेला. म्हणाल्या, भावानं परदेशातून पाठवलंय, तिकडे हरणाच्या शिकारीला जाणारे लोक हे घालतात, याच्या अस्तरात कोळशाचा थर असतो आणि तो माणसाचा वास धरून ठेवतो. आपल्याकडे शिकार नाही, पण कॅमेऱ्यालाही हरीण जवळ लागतंच. मी चेन बदलायला अस्तर उसवलं, तर आत काजळासारखं काळं मऊ कापड. बाबा, काय शिलाई होती! एकही टोक बाहेर नाही, मनगटाला घट्ट पट्टी, कॉलर नाकापर्यंत चढणारी. मी बोटांनी शिवणी मोजत बसले. बाई म्हणाल्या, "गटातले सगळे विचारतायत, घ्यायचं का म्हणून. फार महाग आहे. असं कापड मागवलं तर तुम्ही वीस शिवून द्याल?" वीस जाकिटं! गणवेशाचा हंगाम संपला की दुकानातल्या तिन्ही मशीन गप्प असतात. मी लगेच हो म्हणणार होते. तोंडातून निघालं भलतंच, "आधी हे खरंच चालतं का, ते मी पाहून सांगू? माझ्या भावाच्या शेतात, धानाच्या बांधीत रोज चितळं येतात."

हे माझ्या तोंडून का निघालं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तेव्हा सहावीत असेन. शाळेत कार्यक्रम होता म्हणून आईनं केसांना वासाचं तेल चोपडलं होतं, वर पावडर. सकाळी तुम्ही जाळं घेऊन तलावावर निघालात आणि मी हट्टानं डोंग्यात येऊन बसले. पलीकडच्या काठावर चितळं पाण्याला उतरतात. तुम्ही वल्हं पाण्यातून न उचलता डोंगा सरकवताय, मी श्वास धरून बसलेय. आणि अर्ध्या तलावावरच पहिलं चितळ मान वर करतं, पुढचा पाय आपटतं, आणि सगळा कळप पांढऱ्या शेपट्या उभारून झाडीत. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त म्हणालात, "आज तलावाले मासोळीचा वास नाही, तुया तेलाचाच येऊन रायला. उद्यापासून घरीच राह्य." शाळेत मी त्या दिवशी नाचले, पण रडवेल्या तोंडानं.

संध्याकाळी आई चुलीवर मासोळ्या तळत होती आणि तुम्ही दारात जाळं सांधत होता. मी हिंमत करून विचारलं होतं, "बाबा, तुमच्या अंगालेही तं वास येते. मंग तुमाले काहून भेत नाही ते?" आई चुलीजवळूनच हसली, "येते म्हंजे? मी तं यायले वेशीपासून वासानंच ओळखतो!" तुम्ही मात्र हसला नाहीत. जाळं खाली ठेवलंत. म्हणालात, "माह्या बापानं शिकार केली. त्याच्या वासाले चितळ दोन कोस लांब पळे. मी कधी केली नाही, आता तं कायदाच हाय, बरं झालं. तलावावर माहा वास रोजचा हाय, अन् त्या वासानं त्याहिले कधी मारलं नाही. मंग कायले भितीन? तू नवीन हायस, तं वाऱ्याच्या खाली बस. वारा तुया तोंडावर आला पायजे." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तंबाखूची रिकामी डबी दिलीत, काटेसावरीच्या कापसानं भरलेली. एक तंतू सोडायचा आणि तो कुठं जातो ते पाहायचं. लग्नात मिळालेल्या सगळ्या वस्तू मला आठवत नाहीत, ती डबी आठवते.

तर मी परीक्षा घेतली. पहिल्या दिवशी पहाटेच स्कूटी घेऊन भावाच्या शेतावर. धान कापून झालाय, बांधीत लाखोरी हिरवीगार, पलीकडे लगेच जंगल. मी जाकीट घातलं, कॉलर नाकापर्यंत ओढली, टोपी घातली आणि मुद्दाम उलट्या जागी बसले. वारा माझ्या पाठीवरून थेट जंगलाकडे. म्हटलं, जाकीट खरं असेल तर इथंच कळेल. उजाडताना नऊ चितळं बाहेर आली. दोन बांध्या पलीकडे होती, तेव्हा म्होरकीनं मान ताठ केली. पाय आपटला, शिट्टीसारखी ओरडली, आणि बांधी रिकामी. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून भाऊ पोट धरून हसत आला. "ताई, हे जाकीट तं माह्या कुत्र्यापेक्षा बेस हाय! दे मले, रोज घालून बसतो. तू त्याहिले पाहाले बसून रायली अन् मी त्याहिले हाकलाले मरून रायलो."

दुसऱ्या दिवशी तीच जागा, तोच वारा, पण अंगात माझा रोजचा स्वेटर. चितळं तीन बांध्या पलीकडूनच वळली. म्हणजे जाकीट अगदीच खोटं नाही, एक बांधी आत येऊ देतं. पण तोंडातला श्वास, केस, हात, चपलेला लागलेलं पेट्रोल, यांना कोणतं अस्तर लावायचं? आणि आज तिसरा दिवस. जाकीट स्कूटीच्या डिक्कीत ठेवलं. स्वेटर, डोक्याला जुना स्कार्फ. सावरीचा कापूस आता कुठून आणू, रजईतला चिमूटभर काढून नेला होता. तो सोडला आणि तो अलगद माझ्याच तोंडावर आला. धानाच्या वाळल्या तणसीच्या ढिगाआड बसले. ती मादी आणि पाडस आली. चरत चरत इतकी जवळ आली की मध्ये फक्त एक धुरा. मी पापणी हलवली नाही. पाय बधिर झाला, नाकातून पाणी आलं, पुसलं नाही. भाऊसुद्धा आज लांब थांबला होता, हाकलायला आला नाही. ती गेल्यावर म्हणाला, "खाऊ दे आजचा दिवस."

एवढं लिहिलं आणि उठावं लागलं. बाई आल्या. तुम्हाला खरं सांगते, त्यांना काचेचं दार ढकलून आत येताना पाहिलं तेव्हा वीस जाकिटं माझ्या डोळ्यांपुढे ओळीनं टांगलेली होती. "चालतं थोडं" एवढंच म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं. दोघी बायकांनी मशीन थांबवल्या होत्या. मी जाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, घेऊ नका. वारा चुकला तर हे वाचवत नाही, आणि वारा बरोबर असला तर याची गरज नाही." मग तीन दिवसांचं सगळं सांगितलं, हातवारे करून, पाडसाच्या कानातल्या गोचिडीसकट. मी खिशाची वेल्क्रोची चिकटपट्टी ओढून दाखवली, चर्र. "हा आवाज ऐका. पहाटेच्या शेतात हा बंदुकीसारखा वाजेल." बाईंनी स्वतः दोनदा ओढून पाहिली आणि हसायला लागल्या. "मग काय घालायचं?" मी कपाटातून जाड सुती कापड काढलं, वाळल्या तणसीच्या रंगाचं, चुरगाळलं तरी न वाजणारं. शिंगाची बटणं दाखवली, म्हटलं पट्टी नाही, चेन नाही. आणि धुताना वासाची पावडर घालायची नाही. त्या म्हणाल्या, "आधी अशी पाच जाकिटं शिवा. आणि मला त्या तणसीमागे बसायला न्याल?" पाच, बाबा! वीस नव्हेत, पण पाच माझ्या हातची, माझ्या बेताची. हाताखालच्या थोरल्या बाईनं तेव्हाच टेप काढून बाईंच्या खांद्याचं माप घ्यायला सुरुवात केली.

ही पानं गणवेशाच्या मापांमागे अशीच राहतील. वही संपली की बासनात जाईल. आता एकच राहिलं, ते बाईंनाही सांगितलं नाही आणि भावालाही नाही. जाकिटाचं काय ते मला पहिल्याच सकाळी कळलं होतं, नऊ चितळं पळाली तेव्हाच. त्याच दुपारी मी बाईंना फोन करून सांगितलं, नक्की कळायला अजून दोन दिवस लागतील. मला फक्त अजून दोन सकाळी चितळांजवळ बसायचं होतं.