रंगवून ठेवलेली खोली

दादा,

आज सकाळपासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुम्ही काही उत्तर देत नाही, म्हणून शेवटी कागद पुढं ओढला. दोनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. तो बंदच होता. हल्ली असंच होतं, बसलं की उठावंसं वाटतं आणि उठलं की कशासाठी उठले ते आठवत नाही.

मी अजून इंदिरानगरच्या त्याच घरात आहे, जिथं मी तुम्हाला आणलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुमचे जावई जाऊन सहा वर्षं झाली. मी आयटीआयमधून निवृत्त झाले, मुलींना शिवण शिकवता शिकवता उभं राहून गुडघे गेले, आणि आता डॉक्टर म्हणतात की हे जिने सोडा. घर बदलायचं हे ठरलंय. कुठं जायचं हे ठरत नव्हतं. तुमची नात इथून चालत दहा मिनिटांवर राहते. तिच्या समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर एक घर रिकामं झालंय. कॉलनी चांगली आहे, सगळी कुटुंबं, खाली पोरं सायकली फिरवतात, संध्याकाळी आज्या बाकांवर बसतात. ती म्हणते, आई, खिडकीतून हाक मारली तरी ऐकू येईल. आणि दुसरीकडे गिरणाऱ्याच्या वाटेला, द्राक्षबागांच्या पलीकडे, म्हाताऱ्यांची एक वसाहत झालीय. वृद्धाश्रम नव्हे. प्रत्येकाचं आपलं छोटं घर, आपली चावी, जेवायला एकत्र हॉल, दवाखाना आवारातच. पंचावन्नच्या खालचं कुणी तिथं राहत नाही.

मी तिथं चार दिवस राहून आले. आधी राहून पाहा म्हणतात ते. लेकीला सांगितलं की मैत्रिणीकडे सटाण्याला जातेय. या वयात खोटं बोलले. पहिल्या दिवशी मला काही सुचेना. इतकी शांतता, की दुसऱ्याच्या घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा नाही. पिशवी भरून परत निघावं असं वाटलं आणि खरंच भरली. मग शेजारच्या घरातली बाई आली. ती सटाण्याचीच निघाली, म्हणजे मी निम्मं तरी खरं बोलले होते. शाळेत शिपाई होती, मुलगा परदेशी. माझी भरलेली पिशवी तिला दिसली, पण तिनं विचारलं नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "आठे बरं शे, माय. कोनी काही इचारत नही." इथं बरं आहे, कुणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कुंपणापर्यंत चालत गेलो, तिसऱ्या दिवशी चार जणी झालो. एकीनं जुना ब्लाऊज आणला, मी तो उसवून तिला नीट करून दिला आणि आम्ही कशावर तरी इतकं हसलो की जेवणाची वेळ टळली. घरी आल्यावर मी अर्ज भरला आणि कपाटात, साड्यांखाली ठेवला.

तो लेकीला सापडला. हळदीकुंकवाला माझी जांभळी साडी न्यायला आली होती. कागद हातात धरून ती पलंगावर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, लोक म्हणतील आईला सांभाळलं नाही. मी म्हटलं, लोक काही म्हणत नाहीत, त्यांना वेळ नसतो. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आजोबांना तू आणलंसच ना इथं? ते नको म्हणत होते तरी आणलंस. किती खूश होते ते आपल्याकडे. मग मला का नाही आणू देत तुला?"

मी जांभळी साडी काढून तिच्या हातात दिली, दादा. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तुम्ही तिला बॅटरी आणि वायरीवर घंटी वाजवून दाखवायचात, तेवढंच तिला आठवतं. तुम्ही खूश होतात असं ती धरून चालते, आणि बावीस वर्षं मीही तिला तसंच धरू दिलं.

आई गेली त्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं. तुम्ही सायखेड्याला एकटे. मी आणायला आले तेव्हा तुम्ही चुलीपाशी बसून दोन भाकरी केल्यात, एक मला वाढलीत आणि म्हणालात की मी काही शहरात यायचा नाही, मी नदीकडच्या मळ्यात माझ्या दोस्ताकडे राहायला जाणार आहे. तो तुमच्यासारखाच एकटा पडलेला, पोरं पुण्याला. तुम्ही गावभर खांबांवर चढून वीज जोडत होतात, तेव्हा त्याच्या विहिरीवरची मोटार तुम्हीच पहिल्यांदा चालू करून दिली होती. दोघं मिळून राहू, म्हणालात, दोघं मिळून स्वयंपाक करू. आणि मी, नोकरी करणारी, शिकलेली, शहरात घर असलेली तुमची मुलगी, एकदम पेटले. मी म्हटलं, त्यांच्या घरात? आपल्या लोकांना अजून ते कपबशी वेगळी देतात, तुम्हाला ओसरीवर ठेवतील. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालात, "तो माझ्या ताटातलं खातो. तुला ठाऊक नाही आणि तू विचारलंही नाहीस." तुम्ही मला इतकं कडक कधीच बोलला नव्हतात. मी रडले. माझ्या रडण्यावरच तुम्ही आलात, दुसऱ्या कशावर नाही.

इथं तुम्ही खिशात टेस्टर ठेवून जिन्यात फिरायचात. दुसऱ्या मजल्यावरच्यांचा दिवा फडफडत होता, तर तुम्ही न विचारता बोर्ड उघडलात आणि त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. मी तुम्हाला सांगितलं, दादा, हे गाव नाही, कुणाच्या वस्तूला हात लावू नका. त्यानंतर टेस्टर टीव्हीच्या मागं पडून राहिला.

आणि मग तो दिवस. दुपार होती, तुम्ही आतल्या खोलीत झोपला होतात. तुमचे दोस्त तीन जिने चढून आले, धोतर घामानं भिजलेलं, हातात वांग्यांची पिशवी. मी त्यांना पाणी दिलं, ग्लासात, चांगल्या. मी म्हटलं, दादांची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. डॉक्टर तुम्हाला भेटलेही नव्हते. ते थोडा वेळ बसले, आतल्या दाराकडे बघत.

"बरं पोरी. उठला का सांग त्याला, मी येऊन गेलो म्हनून. नदीकडची खोली रंगवून ठेवलीय. लय हवा लागती तिथं."

मी सांगितलं नाही. संध्याकाळी तीच वांगी केली. तुम्ही पहिला घास घेतलात आणि विचारलंत, कुठली वांगी? मी म्हटलं, बाजारातली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, परत ताटाकडे पाहिलंत आणि सगळी भाजी संपवलीत. पुन्हा मागितलीतसुद्धा. त्यानंतर पाच महिन्यांनी तुम्ही गेलात. तुमचे दोस्त आले होते, सगळ्यांत मागं उभे राहिले आणि मला न भेटता गेले.

हे सगळं मी परवा लेकीला सांगितलं. तिच्या गच्चीत कपडे वाळत घालत होतो. ती चिमटे लावत राहिली. मला वाटलं, ती म्हणेल तुझं काही चुकलं नाही. तसं ती म्हणाली नाही. शेवटची चादर झटकून दोरीवर टाकली आणि म्हणाली, "मला न सांगता जाऊ नकोस एवढंच. सामान मीच नेऊन सोडणार." मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. मी तिच्या लेकीचा, माझ्या नातीचा, अभ्यास घेतला आणि परत आले.

तर पुढच्या पंधरवड्यात मी जातेय. अर्ज दिला. सामान रोज बांधते आणि रोज सोडते. आज सकाळी खिडकीशी उभी होते, खाली शाळेची गाडी थांबली, पोरं उतरली आणि वाटलं, सगळं रद्द करावं. तासाभरानं वाटलं, आजच निघावं. जिथं कुणी काही विचारत नाही तिथं मला किती दिवस करमेल, कोण जाणे. तुमच्यावर राग यायचं कारण हेच, की तुम्ही भांडून का नाही गेलात. मी रडले म्हणून काय झालं. माणसं रडून थांबतात.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा एक लिहून टाकते. लेकीवर माझा जीव आहे, नातीवर त्याहून जास्त. पण त्यांच्याकडे दोन तास बसले की मला कंटाळा येतो. घड्याळाकडे नजर जाते. हे मी कुणाजवळ बोलले नाही. तुम्हालाही, जीव असूनही, माझा असाच कंटाळा यायचा का, दादा? यायचा असेल तर फार बरं होईल.