गढी तुझ्याच बटाट्यांखाली

लिक फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
ऑगस्टचा पहिला मंगळवार

आर्डिथआत्यास, तिच्या दोन्ही गुडघ्यांस व त्या तिरसट कोंबड्यास विर्जिलचा नमस्कार.

तब्येत कशी आहे? माझी बरी आहे, फक्त डुकरांचा वास जात नाही. त्याचं असं झालं. बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत आपल्या मूळपुरुषाच्या जमिनीचा दस्त सापडला. (तोच, ओढ्याकाठच्या ओकच्या झाडापासून ओंडक्यांच्या गढीपर्यंत दिशा आणि अंतरं लिहिलेला.) तो मी कॉम्प्युटरच्या नकाशावर आखला. आता होकायंत्राची सुई अडीचशे वर्षांत सरकते, हे बाबांच्या गावीही नव्हतं. जुन्या दिशा नव्या सुईनं चालून त्यांनी गढीची खूण म्हणून टेकडीवर दगड रोवला, आणि आपले सगळे ड्रिस्कल भाऊबंद दर ऑगस्टात तिथे जमून तळलेली कोंबडी खातात. मी शहाणा! दुरुस्ती केली, पण उलट्या बाजूला, आणि थेट शेजारच्या ऑरिन कटलिपच्या डुकरांत गुडघाभर उतरलो. ऑरिन कुंपणाला रेलून म्हणतो, "ड्रिस्कलांची गढी ना? इथेच असणार. जुने रहिवासी अजून आहेत की!"

अंघोळ करून चूक सुधारली. विमानातून मोजलेल्या उंचसखलपणाच्या नकाशात गढीचा चौकोनी उठाव स्पष्ट दिसला. तुझ्या बटाट्यांच्या वाफ्यात, कपड्यांच्या दोरीपासून चार पावलांवर.

आत्या, मला रडूच आलं गं. कुदळ दरवर्षी चुलीच्या दगडांना लागते, असं तू सांगत होतीस. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझे बटाटे इतिहास शिकलेत वाटतं!" तू सफरचंदाच्या पायची थाळी उचलून गेलीस ती गेलीसच, एकोणतीस वर्षं मेळाव्याला फिरकली नाहीस. (मी अकरा वर्षांचा होतो. तो सफरचंदाचा पाय मला अजून आठवतो.) बाबा मात्र टेबलाच्या टोकाची एक खुर्ची कधी कुणाला घेऊ द्यायचे नाहीत.

तुझा भाचा,
विर्जिल

ता.क. यंदाचा मेळावा पंधरा तारखेला तुझ्या अंगणात आहे. (विचारायचं राहिलं. बहात्तर जणांना कळवून झालंय.) बटाटे तेवढे आधी काढून घे. सफरचंदाचा पाय तूच करायचा.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवताना दस्त उलटला. मागे बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर, बारा वर्षांपूर्वीची तारीख: "सुई सरकते. आर्डिथचं बरोबर आहे. तिला कळता कामा नये." त्याखाली शेवटच्या आजारपणातलं, थरथरतं: "विर्जिल, तू सांग."